फोटोची पाठ: घरचा डिजिटल संग्रह लावायचा कसा

दोन वर्षांपूर्वी मला माझ्या मावशीचा एक फोटो हवा होता. अट एवढीच की त्यात ती एकटी असावी आणि चेहरा नीट दिसावा. माझ्या फोनमध्ये तेव्हा एकवीस हजारांहून अधिक फोटो होते, शिवाय जुन्या दोन हार्ड डिस्क, चार पेन ड्राइव्ह आणि डबाभर सीडी होत्या. रात्री नऊला शोधायला बसलो तो साडेबाराला उठलो आणि हाती काहीही लागले नव्हते. शेवटी तो फोटो मिळाला मावसभावाच्या कपाटातल्या एका कागदी अल्बममध्ये. त्याच्या पाठीवर कोणीतरी पेन्सिलीने मावशीचे नाव, साल आणि ‘नोकरी लागली त्या दिवशी’ एवढेच लिहून ठेवले होते, आणि तेवढ्यावर तो फोटो इतक्या वर्षांनंतर कोणालाही ओळखता येत होता.

डिजिटल फोटोलाही पाठ असते. फाइलमध्ये चित्राबरोबरच नोंदींसाठी जागा ठेवलेली असते आणि तिच्यातील काही रकाने कॅमेरा स्वतःच भरतो: फोटो काढल्याची तारीख व वेळ, कॅमेऱ्याचे नाव, भिंगाची माहिती आणि परवानगी दिली असल्यास ठिकाण. या नोंदींच्या पद्धतीला ‘एक्झिफ’ म्हणतात. ती जपानमध्ये १९९५ साली ठरली आणि आजही जवळजवळ प्रत्येक फोन तीच वापरतो. मात्र फोटोत कोण आहे, प्रसंग कोणता आणि फोटो कोणी काढला, हे यंत्राला माहीत नसते. ते रकाने रिकामेच राहतात, कारण फोटो काढणाऱ्याला त्या दिवशी सगळेच आठवत असते. ही पाठ कशी लिहावी आणि लिहिलेली पाठ पुढे पुसली जाऊ नये म्हणून काय करावे, हे मी येथे स्वतः केलेल्या कामाच्या आधारे सांगणार आहे. यात कामाचा क्रम फार महत्त्वाचा आहे, आणि मी तो पहिल्यांदा चुकवला होता.

सगळे आधी एका जागी

माझी चूक अशी झाली की मी थेट फोनमधले फोटो पुसायला सुरुवात केली. फोटो क्लाउडवर ‘आहेतच’, तेव्हा फोनमधले काढले तर काय बिघडते, असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात मी जी सोय चालू केलेली होती ती सिंकची होती. सिंक म्हणजे दोन्हीकडे एकच स्थिती राखणे. एका बाजूला पुसलेले दुसऱ्या बाजूलाही पुसले जाते. हे लक्षात येईपर्यंत कचरापेटीची मुदतही उलटून गेली होती. यात दोष सेवेचा नव्हता, ते सगळे तिच्या पानावर लिहिलेले होते आणि मी वाचलेले नव्हते. ही मुदत प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. आयक्लाउडमध्ये पुसलेले फोटो साधारण ३० दिवस राहतात, तर गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले फोटो ६० दिवस. म्हणून पहिला नियम असा की संपूर्ण संग्रहाची एक वेगळी, कशाशीही न जोडलेली प्रत तयार होईपर्यंत काहीही पुसू नये.

यासाठी एक नवी बाह्य हार्ड डिस्क घ्यावी आणि ती आजच्या एकूण साठ्याच्या निदान दुप्पट क्षमतेची असावी. एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबीच दाखवते म्हणून फसवणूक झाली असे समजू नये; बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते, एवढाच तो फरक आहे. डिस्कवर प्रत्येक स्रोतासाठी एक फोल्डर करावा (‘जुना फोन’, ‘निळा पेन ड्राइव्ह’, ‘सीडी क्रमांक ४’ असा) आणि त्यात सगळे जसेच्या तसे ओतावे. वर्गवारी करण्याचा मोह या टप्प्यावर आवरावा. फाइल नेहमी ‘कॉपी’ करावी, ‘कट’ करू नये. केबल मध्येच निसटली तर कट केलेल्या फाइलचा पत्ता दोन्ही घरी लागत नाही.

येथे दोन-तीन ठिकाणी अडखळायला होते. एखादा लांब व्हिडिओ डिस्कवर जायला नकार देतो आणि जागा भरपूर असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश येतो. तेव्हा ती डिस्क किंवा पेन ड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या पद्धतीने आखलेला असतो, आणि त्या पद्धतीत एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आहे. रिकाम्या डिस्कला एक्सफॅट पद्धतीने पुन्हा फॉरमॅट केले की अडचण संपते. आयफोनच्या ‘लाइव्ह फोटो’मध्ये चित्र आणि तीन सेकंदांची हलती क्लिप या दोन वेगळ्या फाइली असतात, त्यांपैकी चित्रच उचलले तर त्या क्षणाचा आवाज मागे राहतो. आणि गूगलच्या ‘टेकआउट’ सोयीतून फोटो उतरवले, तर त्या सेवेत तुम्ही लिहिलेले वर्णन फोटोत न येता शेजारच्या ‘जेसन’ नावाच्या लहान मजकूर-फाइलीत येते. त्या फाइली कचरा समजून पुसू नयेत. मी पहिल्या फेरीत नेमके तेच करणार होतो.

नातेवाइकांकडून फोटो मागवताना मात्र आग्रह धरावा. संदेशाच्या ॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकाराने लहान केला जातो आणि त्याची पाठही खरवडून कोरी होते. तारीख, ठिकाण, सगळे जाते. खासगीपणाच्या दृष्टीने ते योग्यच आहे, पण संग्रहासाठी ते नुकसान आहे. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगितला, तर मूळ फाइल जशीच्या तशी मिळते. हे सांगताना मी एका काकांना फोनवर तीन वेळा ‘चित्र नको, कागदपत्र म्हणून पाठवा’ असे समजावले, आणि चौथ्या वेळी त्यांनी खरोखरच फोटोची छापील प्रत स्कॅन करून पाठवली. ती आधीच्या सगळ्यांपेक्षा चांगली निघाली, हा भाग वेगळा.

गाळणे

सगळे एका जागी आले की त्याची एक दुसरी प्रत करून बाजूला ठेवावी आणि मगच पहिल्या प्रतीत गाळायला बसावे. माझ्या एकवीस हजारांत निम्म्याहून अधिक भरणा स्क्रीनशॉट, सुप्रभाताची चित्रे, पावत्या आणि एकाच दृश्याच्या दहा-दहा प्रतींचा होता. आशय तंतोतंत सारखा असलेल्या फाइली ओळखून देणारी साधने मोफत मिळतात. डिजिकॅम हे त्यांपैकी मी वापरलेले एक. पण संदेशातून आलेला फोटो आणि त्याचा मूळ फोटो यंत्राच्या दृष्टीने एकसारखे नसतात, म्हणून तेथे डोळ्यांनीच पाहावे आणि आकाराने मोठी फाइल ठेवावी.

एका बैठकीत एकच महिना घ्यावा. सलग तीन तास बसले की हात सैल सुटतो आणि नको ते पुसले जाते. वीस-पंचवीस मिनिटांनंतर मी उठत असे. कोणते फोटो ठेवावेत याबाबत माझे मत प्रचलित सल्ल्याच्या उलट आहे. सूर्यास्त, डोंगर आणि प्रसिद्ध इमारती मी निर्दयपणे काढल्या, कारण त्यांचे माझ्यापेक्षा चांगले फोटो जगात भरपूर आहेत. उलट थोडा हललेला, उजेड कमी असलेला, पण आमची जुनी खोली, तिच्यातली तिरकी खुर्ची आणि विजेच्या बटणांची पिवळी पडलेली पाटी दाखवणारा फोटो मी ठेवला. ती खोली आता नाही, आणि त्या पाटीसाठी मुद्दाम फोटो काढावा असे तेव्हा कोणाच्या मनातही आले नसते.

तारखा दुरुस्त करणे

गाळून उरलेले फोटो तारखेप्रमाणे लावले की विचित्र प्रकार समोर येतात. स्कॅन केलेला जुना फोटो स्कॅनच्या दिवशी काढलेला दिसतो. संदेशातून आलेल्या फाइलच्या नावातील तारीख तो फोटो पोहोचल्याची असते, काढल्याची नव्हे. जुन्या डिजिटल कॅमेऱ्याची बॅटरी पूर्ण उतरली की त्याचे घड्याळ मूळ तारखेवर परत जाते आणि त्यानंतरची सगळी सहल एखाद्या वर्षाच्या १ जानेवारीला घडलेली दिसते.

हा शेवटचा दोष वाटतो तितका अवघड नाही. तारीख चुकीची असली तरी कॅमेऱ्याचे घड्याळ चालू होते, म्हणजे फोटोंमधील परस्परांचे अंतर बरोबर असते. एका जरी फोटोची खरी वेळ कळली, तर तेवढ्या फरकाने सगळा गट पुढे सरकवता येतो. माझ्याकडच्या एकशे चाळीस फोटोंच्या अशा गटात एका फोटोच्या कोपऱ्यात भिंतीवरचे कॅलेंडर आणि त्याच्या शेजारचे घड्याळ दिसत होते. मोठे करून पाहिले तेव्हा महिना वाचता आला, खुणा करून खोडलेले दिवस मोजता आले आणि काटे सव्वाचारावर होते. एक्झिफटूल नावाच्या मोफत साधनाला तो फरक दिला आणि पूर्ण गट एका आज्ञेत जागेवर आला. परदेशच्या प्रवासातील फोटो काही तासांनी पुढेमागे दिसत असतील, तर त्याचे कारण असे की एक्झिफमध्ये सुरुवातीची दोन दशके वेळेबरोबर कालविभाग (टाइम झोन) लिहायची सोयच नव्हती. ती २०१६ च्या आवृत्तीत आली.

तारीख माहीत नसेल तेव्हा ती ठोकून देऊ नये. ‘साधारण १९७८’ असे लिहिलेले अधिक उपयोगाचे असते, कारण पुढे कोणाला नेमके आठवले तर तो मोकळेपणाने दुरुस्ती करू शकतो. खात्रीच्या थाटात लिहिलेली चुकीची तारीख कोणीच तपासत नाही.

नावे आणि ओळी

या साऱ्या खटाटोपातले खरे काम हेच आहे आणि नेमके तेच लोक टाळतात. फोल्डरचे नाव वर्ष, महिना, दिवस आणि मग प्रसंग या क्रमाने द्यावे, उदाहरणार्थ ‘२००७-०३-१४ धाकट्याची पहिली सायकल’. मोठ्या एककाकडून लहानाकडे जाणारा हा क्रम १९८८ साली आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय प्रमाणात नेमून दिला गेला. त्याचा व्यावहारिक फायदा असा की नावाप्रमाणे लावले तरी फोल्डर आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. महिना एक अंकी असेल तर आधी शून्य द्यायला विसरू नये, नाहीतर दहावा महिना दुसऱ्याच्या आधी येऊन बसतो.

फोल्डरचे नाव म्हणजे पाकिटावरचा पत्ता झाला. फोटोची पाठ त्याहून वेगळी. ती लिहिण्यासाठी फाइलमध्येच ‘कॅप्शन’ किंवा ‘डिस्क्रिप्शन’ नावाचा रकाना असतो. संगणकावरील बहुतेक फोटो-व्यवस्थापक प्रोग्राम तो भरू देतात. मात्र तुम्ही लिहिलेले फोटोच्या फाइलमध्ये जाते की त्या प्रोग्रामच्या स्वतःच्या वहीत राहते, हे सेटिंगमध्ये पाहून घ्यावे. वहीत राहणारी नोंद तो प्रोग्राम बंद झाला की संपली. तपासायची सोपी युक्ती अशी: एका फोटोवर ओळ लिहावी, ती फाइल दुसऱ्या संगणकावर न्यावी आणि वेगळ्याच प्रोग्रामने उघडावी. ओळ दिसली तर ती पाठीवर लिहिली गेली आहे.

आता लिहावे काय? डावीकडून उजवीकडे माणसांची पूर्ण नावे, ठिकाण, प्रसंग आणि फोटो कोणी काढला. नात्याचे शब्द एकटे वापरू नयेत. मी सुरुवातीला शंभरेक फोटोंवर ‘आई’, ‘काका’, ‘आत्या’ असे लिहीत गेलो आणि नंतर माझ्या मुलीने विचारले, “बाबा, यातली आत्या म्हणजे तुमची की माझी?” मराठीत नात्याचा शब्द बोलणाऱ्यागणिक बदलतो. माझी आत्या तिच्या लेखी कोणी दुसरीच आहे, आणि तिच्या मुलांच्या लेखी तर हा शब्द सर्वस्वी भलत्याच बाईवर जाऊन पडेल. म्हणून नाव आधी, आणि नाते लिहायचेच तर कोणाचे ते स्पष्ट करून. त्या शंभर ओळी मला पुन्हा लिहाव्या लागल्या.

फोटो कोणी काढला ही नोंद मुद्दाम सुचवतो आहे. प्रत्येक कुटुंबात एक माणूस असा असतो की जो फोटोंत जवळजवळ दिसतच नाही, कारण कॅमेरा त्याच्याच हातात असे. आमच्याकडे ते वडील होते. नावे विचारायला घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसाल तेव्हा हा प्रश्न आवर्जून विचारावा, आणि त्या वेळी फोनचा ध्वनिमुद्रक चालू ठेवावा. मी अशा एका दुपारी मावशीपुढे चाळीस फोटो ठेवले होते. नावे लिहायला मला तेरा मिनिटे पुरली असती, पण मुद्रण झाले दीड तासाचे. एका फोटोत मी जिला बारा वर्षे मावशी समजत होतो, ती तिची शेजारीण निघाली. मावशी त्यात होती, पण मागच्या खिडकीत, अर्धी.

चेहरा ओळखणाऱ्या सोयीचा येथे थोडा उपयोग होतो. एकाच माणसाचे फोटो ती एकत्र आणते आणि नावे देण्याचे श्रम वाचवते. पण सख्ख्या बहिणींना ती सर्रास एक समजते, लहानपणचा आणि म्हातारपणचा चेहरा तिला नेहमीच जुळवता येत नाही, आणि तिने लावलेली नावे बहुधा त्या सेवेच्या आतच राहतात. तिच्याकडे मदतनीस म्हणून पाहावे. नोंद आपणच करावी.

आणखी एक सूचना देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी. २००२ साली मी काही जुन्या फोटोंची मोठ्या मेहनतीने यादी केली होती. गेल्या वर्षी ती फाइल उघडली तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि टिंबे यांचा काला दिसला. ती यादी त्या काळच्या एका फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. असे फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवत. फॉन्ट हरवला की अक्षरे आपले मूळ रूप दाखवतात. फॉन्ट परिवर्तक वापरून बराचसा मजकूर सोडवता आला, तरी जोडाक्षरे आणि रफार अनेक ठिकाणी हाताने बसवावे लागले. आता जे काही लिहायचे ते युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या आणि सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, लिहावे, आणि यादी साध्या मजकूर-फाइलीतही ठेवावी, कारण ती उघडायला कोणताही विशेष प्रोग्राम लागत नाही.

कागदी फोटो आणि कॅसेट

कागदी फोटो स्कॅन करताना ६०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६०० बिंदू, पुरेसे असते. चार बाय सहा इंचांचा फोटो त्या मापाने २,४०० बाय ३,६०० बिंदूंचा होतो, म्हणजे सुमारे ८६ लाख पिक्सेल. बहुतेक छापील फोटोंत याहून अधिक तपशील नसतोच. काच आधी पुसावी. आणि फोटोची मागची बाजूही स्कॅन करावी, मग तिच्यावर एखादा शिक्काच का असेना. मावशीच्या फोटोची पाठ मी पुढच्या बाजूइतक्याच काळजीने स्कॅन केली आहे; ते हस्ताक्षर कोणाचे, याचा वाद घरात अजून मिटलेला नाही.

फितींबाबत घाई करावी लागते, कारण फीत टिकली तरी ती वाजवणारे यंत्र टिकत नाही. ध्वनीची कॅसेट फिलिप्सने १९६३ साली आणली आणि व्हीएचएस ही व्हिडिओ कॅसेट १९७६ साली आली. व्हीएचएसचे यंत्र बनवणाऱ्या फुनाई या जपानी कंपनीने २०१६ साली उत्पादन थांबवले. चालू स्थितीतील टेपरेकॉर्डर मिळाला तर तो संगणकाच्या ‘लाइन-इन’ला जोडून ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रामने ध्वनी उतरवता येतो. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि १६ बिट हे माप ठेवून, आकार लहान न करता (कॉम्प्रेस न करता), ‘वेव्ह’ फाइल करावी. स्टीरिओ मुद्रणाला मिनिटाला साधारण १० एमबी लागतात, म्हणजे साठ मिनिटांची कॅसेट ६३५ एमबीच्या आसपास बसते.

कॅसेट यंत्रात घालण्याआधी तिच्या मागच्या कडेवरचे प्लास्टिकचे दोन लहान तुकडे मोडलेले आहेत ना हे पाहावे. नसतील तर मोडावेत, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी जुना आवाज पुसला जात नाही. बरीच वर्षे न वाजवलेली फीत आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्यावी. तरीही आवाज घोंगडीखालून आल्यासारखा वाटला, तर फीत खराब झाली असे लगेच ठरवू नये. बऱ्याचदा यंत्राचे हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग, फितीशी किंचित तिरके असते. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. फीत वाजत असताना तो पेचकसाने अगदी थोडा थोडा फिरवावा आणि ‘स’, ‘श’ या उच्चारांकडे कान द्यावा. एका जागी ते उच्चार एकदम धारदार होतात, आणि तीच योग्य जागा. आजोबांच्या आवाजातल्या एका कॅसेटवर हा स्क्रू पाव फेराही फिरला नसेल, तोच त्यांच्या मागे कोणीतरी झाडत असल्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

प्रती किती आणि कोठे

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम मला अजून तरी सर्वांत व्यवहार्य वाटतो: एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी. माझी पहिली ‘दुसरी प्रत’ त्याच डिस्कवर वेगळ्या फोल्डरमध्ये होती. डिस्क टेबलावरून पडली आणि आतून ठरावीक अंतराने टकटक आवाज येऊ लागला. दोन्ही प्रती एकदमच गेल्या. असा आवाज आला की डिस्क पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये, कारण आतील चकत्यांवर ओरखडे पडून उरलासुरला डेटाही जाऊ शकतो. वीज तोडावी आणि ती जाणकाराकडे द्यावी.

पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड ही ने-आण करायची साधने आहेत, जपून ठेवायची नव्हेत. तोशिबातील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधलेली फ्लॅश मेमरी प्रत्येक बिट विद्युतभाराच्या रूपात कोंडून ठेवते, आणि वीज न मिळता वर्षानुवर्षे पडून राहिल्यास तो भार हळूहळू झिरपून जातो. खणात ठेवायची प्रत फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कवर असावी, आणि दर पाच-सहा वर्षांनी, ती ठणठणीत असली तरी, नव्या डिस्कवर न्यावी.

क्लाउड ही तिसरी प्रत म्हणून उत्तम आहे, पण एकमेव प्रत म्हणून नव्हे. अटी बदलतात. गूगल फोटोजमधील अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून थांबली आणि त्यानंतरचे फोटो खात्याच्या १५ जीबीत मोजले जाऊ लागले. दोन वर्षे न वापरलेली खाती पुसण्याचे धोरणही गूगलने २०२३ साली जाहीर केले.

प्रत झाली एवढ्यावर थांबू नये, ती उघडून पाहावी. मी दर सहा महिन्यांनी वेगवेगळ्या वर्षांतले वीस फोटो आणि दोन व्हिडिओ शेवटपर्यंत उघडून पाहतो. ज्यांना आणखी खात्री हवी त्यांनी प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ ठसा (फाइलच्या आशयावरून गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा आकडा) काढून यादी करावी. फाइलमधील एक बिट जरी बदलला तरी ठसा बदलतो, त्यामुळे बिघाड नजरेला दिसण्याआधीच कळतो. जाता जाता एक गैरसमज दूर करतो. जेपेग (फोटोंचा नेहमीचा फाइल-प्रकार) फोटो नुसता उघडून बंद केल्याने त्याचा दर्जा खालावत नाही. बदल करून पुन्हा जेपेग म्हणून साठवल्यावर मात्र दर वेळी थोडा तपशील गळतो. म्हणून मूळ फाइल कधीही बदलू नये. उजळवायची, कापायची ती तिची नक्कल.

दुसऱ्याच्या हाती

हा सगळा संग्रह एका माणसाच्या डोक्यातील पासवर्डवर टांगलेला असेल, तर तो संग्रह त्या माणसापुरताच. ॲपलने २०२१ च्या अखेरीस ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ ही सोय आणली. नेमलेल्या व्यक्तीला एक विशेष किल्ली आणि मृत्यूचा दाखला सादर करून खात्यातील फोटो मिळवता येतात. गूगलकडे २०१३ पासून ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे, ज्यात खाते ठरावीक महिने न वापरल्यास कोणाला काय द्यायचे ते आधीच लिहून ठेवता येते. दोन्ही भरायला मिळून अर्धा तासही लागत नाही. दुसऱ्याच्या घरी ठेवलेली डिस्क कूटबद्ध करणे, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी करणे, शहाणपणाचे आहे, पण तिची किल्ली (तो पासवर्ड) कागदावर लिहून वेगळ्या जागी ठेवावी. किल्ली हरवलेली कूटबद्ध डिस्क आणि कोरी डिस्क यांत व्यवहारात काही फरक नाही.

एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात: डिस्क कोठे आहेत, कोणती कशासाठी, किल्ली कोठे आहे आणि फोल्डर कोणत्या क्रमाने लावलेले आहेत. तो कागद स्वतः वाचून तपासता येत नाही, कारण आपल्याला सगळे माहीतच असते. मी तो धाकट्या बहिणीच्या हाती दिला, मावशीचा तो फोटो शोधून दे म्हटले आणि बाजूला गप्प बसलो. डिस्क काढणे, किल्ली घालणे इथवर ती झरझर गेली आणि मग थांबली. “दादा, ‘मुख्य’ म्हणजे यातली कुठली रे?” तिने विचारले. खणात दोन डिस्क होत्या. जुनी बदलून नवी आणली तेव्हा मी तिच्यावरही ‘मुख्य’ अशीच चिठ्ठी लावली होती. त्या जागी आता ‘मुख्य, २०२४ पासून’ आणि ‘जुनी, यात भर घालू नये’ अशा दोन चिठ्ठ्या आहेत. फोटो मात्र तिला त्यानंतर चार मिनिटांत सापडला.